तोंड मिटलेला किडा

आमच्या माडीवर आधी लोणच्याच्या बरण्या होत्या. सर राहायला आले आणि त्या खाली आल्या, कारण सरांच्या बरण्यांना ऊन चालत नव्हतं आणि आमच्या घरात ऊन न येणारं फडताळ ते एकच. भाडेकरू खोली बघायला येतो तेव्हा पाणी किती वेळ येतं ते विचारतो, संडास कुठं आहे ते बघतो. या गृहस्थांनी फडताळात हात घालून गारवा चाचपला आणि म्हणाले, "वहिनी, खोली पसंत आहे. मला नाही, त्यांना."

'त्यांना' म्हणजे कुणाला ते सामान उतरवताना कळलं. एक वळकटी, एक पेटी, आणि मग नुसती खोकी. खोक्यांत काचेच्या बाटल्या, बाटल्यांत स्पिरिट आणि स्पिरिटात किडे. काही बोटाएवढे, काही वीतभर, आणि सगळ्यांच्या अंगाला दोन्ही बाजूंनी झालर लावल्यासारखे पाय. एक बाटली मी उजेडात धरली आणि अंगावर सरसरून काटा आला. मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या पिंपळवंडीला माहीत आहे. म्हटलं, "सर, हे माझ्या घरात राहायचं नाही."

"मेलेले आहेत वहिनी."

"मेलेले तर त्याहून नकोत."

सर रागावले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला समजावायला लागले. हे समुद्रातले केसाळ किडे. आपल्या शेतातल्या गांडुळाचे चुलतभाऊ म्हणा. गांडुळालाही केस असतात, पण मोजके, बोट फिरवलं तर जरा खरखर लागते तेवढेच. यांना पुष्कळ. अंगाचे कप्पे कप्पे, प्रत्येक कप्प्याला दोन्हीकडं एकेक मांसल पाय आणि पायातून बाहेर आलेला राठ केसांचा झुबका. काहींचा केस सरळ, काहींच्या केसाला मध्येच सांधा. सांधा आहे की नाही यावर घराणं ओळखतात. बोलता बोलता त्यांचा चहा गार झाला.

मी विचारलं, "पण सर, आपल्याकडं समुद्र कुठं आलाय?"

"नाही ना. म्हणून तर आणावे लागतात."

मी बरण्या खाली आणल्या.

सर तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे बार्शीकडचे. समुद्र पहिल्यांदा बघितला तो शिकत असताना, सहलीत. बाकीची पोरं लाटांत पळाली आणि यांनी किनाऱ्यावरचा एक दगड उलटा केला. "त्या दगडाखाली जे होतं ते अजून बघून संपलं नाही," असं म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं." दळण आणायचं राहून जावं तसं सांगायचे.

गावानं त्यांचं नाव पाडलं किडेवाले सर. किड्यांचे सर म्हटल्यावर शेतकरी येणारच. कुणी नागअळी पडलेलं टोमॅटोचं पान घेऊन यायचा. "सर, समदा प्लॉट गेला बगा. काय मारू?" सर पान घेऊन भिंगाखाली धरायचे. अळी पानाच्या पापुद्र्यात कशी शिरते, तिचं तोंड कसं असतं, ती कोष कुठं करते, सगळं सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "औषधाचं मला ठाऊक नाही. पण बघा तर, काय सुरेख रेघ काढलीय." शेतकरी माझ्याकडं बघायचा. आमची रोपांची नर्सरी आहे, त्यामुळं फवारणीचं मला कळतं. मग औषध मी सांगायचे आणि तो पान तिथंच टाकून जायचा. सर ते पान उचलून वहीत घालायचे.

एकदा महाळुंगे पडवळचे एक पावणं आले आणि गांडूळखताच्या शेडचं उद्घाटन करायला सरांना घेऊन गेले. मीही गेले होते, मला खत बघायचं होतं. सरांनी फीत कापली आणि भाषण सुरू केलं ते थेट भरती-ओहोटीवर. दोनदा चहा फिरला तरी सर खाडीच्या चिखलातून बाहेर यायला तयार नाहीत. शेवटी ते पावणं हात जोडून म्हणाले, "सर, लई मोलाचं सांगितलं. पर आमच्या गांडुळाचं बी दोन शब्द व्हऊ द्या." सर म्हणाले, "त्याचं काय, ते गोड्या मातीत आलं आणि त्यानं पाय टाकून दिले." आणि खाली बसले.

माणसांची वर्गवारीही त्यांनी तशीच करून ठेवली होती. या किड्यांचे जुन्या लोकांनी दोन भाग केलेत म्हणे. एक भटके, एक बैठे. भटके पायांवर चालतात, पोहतात, शिकार करतात, त्यांना डोळे आणि जबडे. बैठे एका जागी नळी बांधून राहतात, वाळूचा एकेक कण चिकटवून. डोकं तेवढं नळीबाहेर काढायचं, तोंडाभोवतीचे धागे पसरून बसायचं आणि जे येईल ते खायचं. हे ऐकल्या ऐकल्या मी म्हटलं, "आमचे मालक." आमचे मालक सकाळी दूध घालून आले की पाराजवळ जे बसायचे ते जेवायलाच उठायचे, आणि गावातली प्रत्येक बातमी आपण होऊन त्यांच्या तोंडात यायची. सरांनी गंभीरपणे मान हलवली. "बैठे. नळी मजबूत आहे." मालकांना राग आला नाही. उलट कुणी विचारलं की तेच सांगायचे, "आमी बैठ्यातलं. सरांनी तपासलंय."

"आणि मी, सर?"

"तुम्ही भटक्या. जबडा आहे."

पण त्याला जोडून लगेच म्हणायचे की ही विभागणी सोयीपुरती असते. निसर्गानं कप्पे केलेले नाहीत, आपण केलेत, आणि दर थोड्या वर्षांनी ते मोडून पुन्हा करावे लागतात. ज्याला कप्पे मोडायला जड जातं त्यानं या धंद्यात पडू नये. हे ते चेष्टेत म्हणत नसत.

सुट्टी लागली की सर कोकणात जायचे. आळेफाट्याला कल्याणची गाडी धरायची, माळशेज उतरायचा, पुढं गाड्या बदलत समुद्र गाठायचा आणि येताना झाकणाचा डबा भरून आणायचा. कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय?" तर खरं सांगायचे, "चिखल." एक कंडक्टर आमच्याच बाजूचा होता. तो म्हणाला, "चिखल कोकणातून आणता व्हय सर? आमच्याकडं काय कमी पडला?" आणि डबा मागच्या सीटखाली ठेवायला लावला. त्या दिवशी घाटात ट्रक आडवा झाला, गाडी उन्हात अडकून पडली आणि डबा तापला. सर घरी पोहोचले तोवर आतले सगळे किडे मेले होते. सर त्या डब्यापुढं मांडी घालून बसले होते ते मला अजून दिसतं. एकेक किडा चिमट्यानं उचलत होते. एकाशी येऊन थांबले आणि मला भिंग आणायला सांगितलं.

त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट ती. तसा किडा त्यांनी कधी पाहिला नव्हता. डोळे नेहमीच्यापेक्षा मोठे, शेपटीकडचे पाय जरा जास्त रुंद. पुस्तकांशी ताडून बघितला, चित्रं काढली, कोलकात्याच्या एका जाणकारांना पाठवली. त्यांनी फोन केला. म्हणाले, नवी जात असू शकते, पण दात बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

इथंच घोडं अडलं. या किड्याचा घसा आत ओढलेला असतो. शिकार दिसली की मोजा उलटा करावा तसा तो बाहेर टाकतो. मग दिसतात दोन आकडेदार जबडे आणि घशावर काळे काळे बारीक दात, ठिपक्यांसारखे. कुठल्या पट्ट्यात किती ठिपके, यावर जात ठरते. किडा जिवंत असेल तर त्याला हळूहळू गुंगी आणून, मानेशी दाबून घसा बाहेर काढता येतो. हा डब्यात गुदमरून मेला होता, आणि मेला तो तोंड मिटून.

मी म्हटलं, "मग चिरा की."

"एकच आहे वहिनी."

दुसरा मिळावा म्हणून सर त्याच खाडीवर पुन्हा पुन्हा गेले. नाही मिळाला. पुढं तिथं जेटी झाली, चिखल उपसला, ती जागाच राहिली नाही. हात चुकला आणि घसा फाटला तर दातांचे ठिपके इकडचे तिकडं होणार, आणि मग हा किडा कोण होता हे कधीच कुणाला कळणार नाही. म्हणून चिरायचं उद्यावर जायचं. अशी वर्षं गेली. सर गावाला गेले की त्या बाटलीत स्पिरिट घालायचं काम माझ्याकडं असायचं. बाकीच्या बाटल्या वाळल्या तर वाळू देत, ही नको. मीही कधी कधी झाकण उघडून विचारायचे, "काय रे बाबा, तोंड उघडतोस का?" त्याचं पोट तट्ट फुगलेलं दिसायचं. सर म्हणायचे, "भरपेट जेवून मेलाय."

नाव मात्र ठरवून ठेवलं होतं. पिंपळवंडी. त्याला लॅटिन शेपूट लावायचं. समुद्रातल्या किड्याला घाटावरच्या गावाचं नाव दिलं तर लोक हसतील, असं मी म्हटलं. "हसू देत. नियमात बसतं. मला हा इथं कळला." ही गोष्ट मालकांच्या कानावर गेली, म्हणजे पाराजवळ गेली, म्हणजे सरपंचांकडं गेली. सरपंच येऊन सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, जगाच्या पुस्तकात आपल्या गावाचं नाव येनार म्हंजी काय लहान गोष्ट हाय का?" तेव्हापासून जो तो विचारायचा, "सर, किड्याचं कुटवर आलं?"

सर निवृत्त झाले. बहिणीकडं बार्शीला जायचं ठरलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गाव त्यांना शाल-श्रीफळ देणार आणि तेव्हाच किड्याच्या नावाचं जाहीर करणार, असं सरपंचांनी परस्पर ठरवून टाकलं. त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की सर कप दोन हातांनी धरतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण थरथर जात नव्हती.

एका दुपारी ते नर्सरीत आले. आम्ही बायका कलमं करत होतो. रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटो चढवायचा. काडीएवढी देठं, दोन्ही ब्लेडनं तिरकी कापायची, कापावर काप बसवायचा आणि वर क्लिप. सर माझ्या हाताकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, माझं एक काम कराल? आत्ता नाही केलं तर राहून जाईल."

ते 'राहून जाईल' ऐकलं आणि मी ब्लेड खाली ठेवलं. म्हटलं, "सर, मला नका घालू यात. बिघडलं तर जन्मभर मला झोप नाही लागायची."

"बिघडलं तर माझ्या हातूनच बिघडलं असं मी समजेन. तुमचा हात फक्त उसना."

माडीवर खिडकीपाशी मेण ओतलेली ताटली मांडली. तिच्यात किडा उताणा, दोन्ही टोकांना टाचणी. मी डोळे भिंगाला लावले आणि सर शेजारी उभं राहून सांगत गेले. खालच्या बाजूनं, अगदी मधोमध. खोल नको. साल सोलतो तेवढंच. मी श्वास धरून ब्लेड चालवलं. कातडी सुटली आणि आतून काहीतरी सांडलं. बारीक, गोल, खसखशीसारखं, पुष्कळ.

"सर, हे खसखशीसारखं काय आलंय बाहेर?"

मला वाटलं चुकलं, फाडलं मी. बाजूला झाले. सरांनी भिंगातून बघितलं. मग मला म्हणाले, "अजून थोडं पुढं घ्या, घशापर्यंत." मी घेतलं. घसा उघडला. त्यांनी पुन्हा डोळे लावले. एकेक पट्टा ओठांत मोजत होते, थरथरणारे हात मागं बांधून. बघणं संपलं तेव्हा खुर्चीत बसले आणि चष्मा काढला.

"वहिनी, हा नवा नाही. ही जुनीच आहे. बाळंतपणाला निघाली होती."

मला आधी काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. ती खसखस म्हणजे अंडी. दात अगदी नेहमीच्या जातीचे, खाडीखाडीत सापडते ती. अंडी पिकली की या जातीचं रूप पालटतं. डोळे मोठे होतात, पाय वल्ह्यासारखे रुंद होतात. मग ती चिखल सोडून वर पोहत येते, अंडी सोडते आणि मरते. ते रूप इतकं वेगळं की पूर्वीच्या मोठमोठ्या पंडितांनी त्याला निराळं घराणं समजून निराळं नाव दिलं होतं. "दर वर्षी हे मी फळ्यावर काढून शिकवलं. दोन रंगांचे खडू घेऊन. मुलांना सांगायचो, यात फसू नका."

"पण मग सर, तुम्ही?"

"ही अर्धीच बदललेली होती. आणि मला ती नवी हवी होती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं की मला राग येतो. म्हटलं, "कुणाला सांगायचं नाही. मी ब्लेड धुऊन टाकते. पिंपळवंडीत कोण येतंय तिचे दात मोजायला? द्या नाव आणि जा सुखानं."

"मला कळलंय ना."

"तुम्हाला कळून काय उपयोग? इतकी वर्षं घातलीत."

"तिला तिच्या घरातून उठवून दुसऱ्या घरात नाही बसवता येणार, वहिनी. ती ज्या घरची आहे त्याच घरची आहे." एवढं बोलून ते ती सांडलेली खसखस ड्रॉपरनं गोळा करायला लागले. हात इतका कापत होता की शेवटी ड्रॉपर मीच घेतला. त्या माणसाचा मला त्या दिवशी फार राग आला आणि रात्री भाकरी वाढताना मी त्यांच्या ताटात दुप्पट तूप घातलं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात सगळं गाव. सरपंचांना सरांनी सांगायचा प्रयत्न केला होता, पण सरपंचांनी ऐकूनच घेतलं नाही, गडबडीत होते. माइकवरून त्यांनी जाहीर केलं, "आपल्या गावाच्या नावाचा किडा आता समद्या जगात." टाळ्या. शाल घातली, नारळ दिला. सर शाल सावरत माइकपाशी आले. नारळ हातात हलत होता म्हणून मी पुढं होऊन तो घेतला.

"हा किडा नवा नाही," सर म्हणाले. "गावाचं नाव त्याला देता येणार नाही. ती जुन्याच जातीची मादी आहे. अंड्यांवर आलेली. अंगावरचा बदल बघून मी तिला वेगळी समजलो. चूक माझी आहे आणि मी ती गावापुढं दुरुस्त करतो."

सरपंच खाली बघायला लागले. मी मनात म्हटलं, आता कुणी हसलं तर त्याला मी सोडणार नाही. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आमच्या चुलत सासूबाई उठल्या. त्यांना सगळा गाव काकी म्हणतो, आणि पंचक्रोशीतल्या निम्म्या बाळांना पहिलं पाणी त्यांनीच घातलंय.

"म्हंजी ती पोटुशी व्हती, आन तुमी म्हनला ही कोन नवी बाई?"

"हो काकी."

"आन पोट फुगलंय म्हनून जेवून मेलाय म्हनत व्हता?" हे त्यांना मालकांनी पोचवलेलं.

"हो."

"आवं सर, पोटुशी बाई वळखायला घरात बाई लागती."

सगळं पटांगण हसलं. सरपंच हसले, मालक हसले, झेंड्याखालची पोरं हसली. सरही हसले, आणि सगळ्यांचं हसून झालं तरी एकटेच हसत राहिले. मग माइकवरच म्हणाले, "बरोबर आहे काकी. नव्हती."

त्या 'नव्हती'वर मात्र कुणी हसलं नाही. काकी उठून आल्या, त्यांनी सरांच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि म्हणाल्या, "मंग काय झालं. आता वळखली न्हवं?"

बार्शीला जाताना सरांनी सगळ्या बाटल्या कॉलेजला दिल्या. ही एक दिली नाही. आतली जुनी चिठ्ठी काढली, पेन्सिलीनं नवी लिहिली, कारण शाई स्पिरिटात विरघळते. तिच्यात जुनंच नाव घातलं, खाडीचं नाव घातलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं असू दे. वाळू देऊ नका."

लोणच्याच्या बरण्या आता पुन्हा माडीवर गेल्यात. त्याच फडताळात, कैरीच्या बरणीशेजारी, ती आहे. घरी आलेली पाहुणी माणसं विचारतात, हे काय ठेवलंय, आणि मी सांगत बसते. सरांना आता लिहिता येत नाही, पण बहिणीकडून नंबर लावून घेतात आणि फोन करतात. मालकांची नळी कशी आहे, टोमॅटोला भाव आहे का, काकी बऱ्या आहेत का, असं सगळं विचारून होतं. मग शेवटी काय विचारणार ते मला माहीत असतं.

"वहिनी, तिला स्पिरिट घातलं का?"

"घातलं सर. काळजी करू नका. माहेरी आहे ती."